बिम मॉडेलला डिजिटल ट्विन म्हणणं आता थांबवा

बिम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजे इमारतीचं माहितीसकट संगणकावरचं मॉडेल) बहुतेकांना माहीतच असतं, भिंत म्हणजे नुसत्या रेघा नसतात, तिला जाडी, मटेरियल, फायर रेटिंग चिकटलेलं असतं, डक्ट बीमला आपटतोय हे साइटवर कळायच्या आधीच क्लॅश डिटेक्शनमध्ये दिसतं, आणि माहिती कोणी कधी द्यायची त्याचे नियम आयएसओ 19650 या आंतरराष्ट्रीय मानकात आहेत. एवढं पुरे.

घोळ हँडओव्हरच्या, म्हणजे इमारत मालकाच्या ताब्यात देण्याच्या वेळी होतो. तेच ॲज-बिल्ट (प्रत्यक्षात बांधलं तसं) मॉडेल स्क्रीनवर गरागरा फिरवतात आणि स्लाइडवर ठोकून देतात 'डिजिटल ट्विन', म्हणजे इमारतीचं जिवंत डिजिटल जुळं. अहो कसलं ट्विन! ते मॉडेल त्या तारखेला गोठलंय. एलओडी 500 (एलओडी म्हणजे मॉडेल किती पक्कं ते सांगणारी पातळी) असलं तरी तेच, त्याचा अर्थ एवढाच की साइटवर जाऊन तपासलंय, त्या दिवशीचं. पुढे तळघरातला पंप जळाला, दुसऱ्या मेकचा बसवला, मॉडेलमध्ये मात्र जुना पंप दिमाखात उभा.

म्हणून दिसतं कसं ते सोडा, एकच विचारा, इमारतीत काही बदललं तर मॉडेलला सांगतं कोण? कोणीतरी आठवणीने अपडेट करायचं असेल (आणि कोणी करत नाही) तर ते बिमच. सेन्सरमधून प्रेशर, तापमान, व्हायब्रेशन आपोआप त्याच पंपावर येऊन पडत असेल तर गाडी ट्विनच्या रस्त्याला लागली, पण तरी अर्ध्यातच, नुसतं एका बाजूने येणाऱ्या डेटाला डिजिटल शॅडो म्हणतात. मॉडेलवरून हिशोब करून पंपाचा स्पीड परत बदलता आला की मग माझ्या मते ट्विन. याहून सैल व्याख्या चालतात, मला पटत नाहीत.

आणि सेन्सर लावले की झालं असंही नाही. मॉडेलमध्ये 'पंप-03', बीएमएसमध्ये (इमारतीतली यंत्रं चालवणारी सिस्टीम) 'सीएचपी_बी2_3', मेंटेनन्सच्या वहीत 'खालचा मोठा पंप', आणि हे तिन्ही एकच आहेत हे फक्त शिफ्टवरच्या ऑपरेटरला माहीत. तो सुट्टीवर गेला की ट्विनही सुट्टीवर. रंगीत डॅशबोर्डवर पैसे उडवण्याआधी ॲसेट टॅग सगळीकडे एकच करा, कंटाळवाणं काम आहे, टेंडरमध्येच घाला, नंतर कोणी हात लावत नाही.

सॉफ्टवेअर कुठलं, थ्रीडी पाहिजेच का, हे वाद मला फालतू वाटतात. थ्रीडी नसलेलं ट्विनही चालतं. व्हीआर गॉगल घालून फिरवता ते मात्र वॉकथ्रू, त्याला तेवढंच म्हणा.