काचेच्या पेटीतला सूर

बाळंतपणाच्या खोलीबाहेर ताटकळलेली आजी आधी एवढंच विचारते, ‘बाळ रडलं ना?’ व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५३ साली नवजात बाळ जोखायची जी गुणपद्धत प्रसिद्ध केली, तिच्यातही श्वासाचे पूर्ण गुण मिळतात ते जोरात रडणाऱ्या बाळाला. आजीची परीक्षा काही चुकीची नव्हती.

पण दिवस भरायच्या आत, म्हणजे ३७ आठवडे पुरे होण्याआधी आलेल्या बाळाचं रडणं वेगळं असतं. बारीक, तुटक आणि कानाला टोचेल इतकं उंच. ‘एवढासा जीव, आवाजही तेवढासाच’ असं म्हणून आपण विषय संपवतो. गंमत अशी की हे उत्तर अपुरं आहे.

नवजात बाळाच्या स्वरतंतू जेमतेम ३ मिलिमीटर लांबीच्या असतात. दिवस भरलेलं बाळ रडतं तेव्हा त्या सेकंदाला साधारण ४०० ते ५०० वेळा कंप पावतात. पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी सहा ४४० कंपनांची. आपली बाळं तिच्या आसपासच टाहो फोडतात. (पेटी म्हणजे इथे हार्मोनियम. दुसरी पेटी, काचेची, ती पुढे येते आहेच.)

१९६०च्या दशकात फिनलंड आणि स्वीडनमधल्या डॉक्टरांनी हे रडणं टेप करून त्याची चित्रं काढली. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला आवाजाची उंची. निरोगी बाळाच्या एका हुंदक्याची रेघ कमानीसारखी दिसते: चढते, जराशी थबकते, उतरते. मग श्वास आत, आणि पुढची कमान. फिनलंडच्या कातारिना मिशेलसन यांनी १९७१ मध्ये कमी वजनाच्या बाळांचं रडणं असंच कागदावर उतरवलं. त्यात पट्टी वर सरकलेली दिसली.

ती का सरकते? तंबोऱ्याची तार दोन प्रकारे चढते: लांबी कमी केली तर, नाहीतर खुंटी पिळली तर. क्योटो विद्यापीठातल्या संशोधकांनी लवकर जन्मलेल्या बाळांचे दिवस भरेपर्यंत थांबून मग त्यांचं रडणं टिपलं. सुई टोचून रडवलेलं नव्हे, आपणहून रडलेलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की सूर तरीही चढाच होता आणि त्याचा उलगडा बाळाच्या लहान चणीतून होत नव्हता. त्यांचा संशय खुंटीवर, म्हणजे व्हेगस या मज्जातंतूवर आहे. हृदयाची धावपळ आवरणारा हाच मज्जातंतू स्वरयंत्रालाही शाखा पुरवतो. त्याचा लगाम सैल पडला की स्वरतंतू जास्त ताणल्या जात असाव्यात. मला हे स्पष्टीकरण पटतं, पण तूर्त ते अनुमानच आहे.

याच मज्जातंतूची डावी शाखा मोठी वळसे घेणारी. ती मानेतून छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि पुन्हा गळ्याकडे चढते. त्या वळणापाशीच एक छोटी रक्तवाहिनी असते. ती जन्मानंतर आपोआप मिटायला हवी, पण अपुऱ्या दिवसांच्या बाळांत पुष्कळदा उघडीच राहते. औषधाने भागलं नाही तर शस्त्रक्रिया करून बांधावी लागते, आणि शेजारच्या मज्जातंतूला इजा झाली तर बाळाचं रडणं घोगरं, हवा निसटल्यासारखं होतं. गळ्यातला बिघाड छातीतून आलेला असतो.

आता ती काचेची पेटी. ‘बाळाला काचेत ठेवलंय’ असं आपण म्हणतो तिथे मायक्रोफोन नेला तरी अलार्म आणि पंख्यांची घरघर आधी ऐकू येते. फार लवकर आलेल्या बाळांच्या श्वासनलिकेत व्हेंटिलेटरची नळी असते. ती स्वरतंतूंच्या मधूनच आत जाते, त्यामुळे रडू फुटलं तरी आवाज उमटत नाही. म्हणून अशा बाळांच्या वेदना मोजायच्या एका प्रचलित सात कलमी पद्धतीत रडण्याला जागाच नाही. टाचेतून रक्त घेताना नर्स एक डोळा मॉनिटरवरच्या ठोक्यांवर ठेवते आणि दुसरा बाळाच्या चेहऱ्यावर: कपाळ आक्रसलं का, डोळे गच्च मिटले का, नाकाजवळची घडी खोल गेली का.