नऊ इंच रुंद, बारा किलोमीटर खोल

मोहोळ तालुक्यातल्या एका शेतात रात्रभर बोअरची गाडी चालली होती. वीस फुटांचा एकेक रॉड आत जात होता आणि हवेच्या जोरावर करड्या दगडाची पूड वर उडत होती. ३४० फुटांवर ती पूड एकदम तांबडी झाली. "गेरू लागला," अण्णा म्हणाले. पाणी काही लागलं नाही. मी मात्र ती तांबडी पूड चिमटीत घेऊन बराच वेळ उभा होतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचा एक थर निवला, ऊनपावसानं त्याची वरची माती झाली, मग पुढचा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. तीच ही.

माणसानं पाडलेलं उभ्या खोलीचं सर्वांत खोल छिद्र म्हणजे अशीच एक बोअर. रशियाच्या कोला द्वीपकल्पावर १९७० साली काम सुरू झालं आणि १९८९ मध्ये ते १२,२६२ मीटरवर पोहोचलं. म्हणजे चाळीस हजार फूट! रुंदी मात्र जेमतेम नऊ इंच, आपल्या साडेसहा इंची बोअरपेक्षा थोडीच जास्त. (आकारानं प्रचंड खड्डा बघायचा तर अमेरिकेतली बिंगहॅम कॅन्यन ही तांब्याची खाण: चार किलोमीटर रुंद, सव्वा किलोमीटरच्या आसपास खोल.)

एवढ्या खोलीवर सगळे रॉड फिरवले तर ते पिळून तुटतील. म्हणून तिथं वरून चिखल दाबानं सोडत आणि त्या जोरावर तळाचं फक्त बिट, म्हणजे दगड कापणारं टोक, फिरे. तरीही १९८४ मध्ये पाच किलोमीटर लांबीचे पाइप तुटून आत अडकले आणि सात किलोमीटरपासून पुन्हा नवी वाट पाडावी लागली. तळाशी १०० अंश तापमान असेल असा अंदाज होता; निघालं १८०. त्या उष्णतेत खडक मऊ पडू लागला आणि पंधरा किलोमीटरचं उद्दिष्ट सोडून द्यावं लागलं.

पण मिळालं ते फार मोलाचं होतं. भूकंपलहरींच्या वेगावरून शास्त्रज्ञांना वाटत होतं की सातेक किलोमीटरखाली ग्रॅनाइट संपून बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, लागेल. तो लागलाच नाही. तिथंही ग्रॅनाइटच होता, भेगाळलेला आणि पाण्यानं भरलेला. इतक्या खोलवर पाणी असेल असं कुणाच्या मनातही नव्हतं.

आपल्याकडे उलटं आहे: वर काळा पाषाण, खाली ग्रॅनाइटसारखा अतिप्राचीन खडक. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीत शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल बोअर घेतली, तेव्हा पाषाणाचा थर ३३८ मीटरवर संपला. म्हणजे साधारण अकराशे फूट. सोलापूर जिल्ह्यात आता पाण्यासाठीच्या बोअरही खूप खोल जातात, म्हणजे त्यांच्या पुडीतूनही जमिनीखालचे थर कळू शकतात. तरी गाडी गेली की ती पूड बांधावरच राहते आणि पहिल्या पावसात वाहून जाते.

मी अण्णांकडे खताची एक रिकामी पिशवी मागितली. पुढच्या प्रत्येक रॉडला मूठभर पूड कागदात बांधायची, वर फूट लिहायचे, एवढंच ठरलं. पहाटे गाडी थांबली तेव्हा पिशवीत सतरा पुड्या होत्या.