‘एएफ’ म्हणजे ‘एएफ-एस’ नव्हे: जुनी निकॉन लेन्स घेण्याआधी

“पक्ष्यांसाठी निकॉनची जुनी ८०-४०० मिमी झूम लेन्स स्वस्तात मिळाली. निकॉन डी५६०० कॅमेऱ्यावर लावली, तर आपोआप फोकसच होत नाही. लेन्स खराब निघाली का?” हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की समोरच्याचं वाक्य संपायच्या आत मी उत्तर देऊन टाकतो. लेन्स ठणठणीत आहे. फोकसची मोटर तुमच्या कॅमेऱ्याच्या बॉडीत नाही.

एएफ-एस, म्हणजे स्वतःची मोटर असलेली ऑटोफोकस (एएफ) लेन्स, तुम्ही वापरलेलीच असणार. मोटर लेन्सच्या पोटात, बॉडीकडून फक्त वीज आणि हुकूम. पुढे जाऊ.

नुसत्या ‘एएफ’ लेन्सच्या पोटात फोकसची मोटर नसते. १९८६ पासूनची ही पद्धत. लेन्सच्या मागच्या धातूच्या कड्यावर स्क्रूच्या डोक्यासारखी खाच असते. बॉडीच्या कड्यातून स्क्रू-ड्रायव्हरसारखं टोक येऊन त्या खाचेत बसतं आणि बॉडीतली मोटर ते फिरवते. ती घर्रघर्र तिचीच. २००६ च्या डी४० मध्ये हे टोक काढून टाकलं, आणि पुढे डी३०००, डी५००० या मालिकांतल्या एकाही बॉडीत ते नाही. डी९०, डी७२००, डी३००, डी५००, डी७५० यांत आहे. निकॉनचा बिनआरशाचा झेड कॅमेरा घेतलात तरी सुटका नाही: त्याला या जुन्या लेन्स जोडणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नाही, दुसऱ्या आवृत्तीतही नाही.

इथवर सोपं आहे. खरा घोळ लेन्सच्या नावातल्या ‘डी’ या अक्षराने घातलाय. “डी लेन्स म्हणजे बिनमोटरची” असं जाणकारसुद्धा बिनदिक्कत सांगतात, आणि माझं डोकं फिरतं. ‘डी’ म्हणजे विषय किती लांब आहे ते लेन्स कॅमेऱ्याला कळवते, बस. त्याचा फायदा मुख्यतः फ्लॅशला. मोटरशी काडीचा संबंध नाही.

२००० च्या सुमारास आलेल्या दोन लेन्स बघा. ३०० मिमी एफ ४ डी आणि ८०-४०० व्हीआर डी (व्हीआर म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय). दोन्ही ‘डी’. पहिलीवर एएफ-एस लिहिलंय, तिच्यात मोटर आहे, पण व्हीआर नाही. दुसरीत व्हीआर आहे, एसएलआरसाठी (लेन्स बदलता येणाऱ्या, आरशाच्या कॅमेऱ्यांसाठी) निकॉनने दिलेलं पहिलंवहिलं, पण फोकसची मोटर नाही! लोक व्हीआर वाचतात आणि समजतात, एवढं इलेक्ट्रॉनिक्स आहे म्हणजे मोटर असणारच. व्हीआर हाताचा थरथराट सांभाळतं, फोकसच्या वाटेला जात नाही. ८०-४०० ला एएफ-एस मिळालं ते २०१३ च्या नव्या आवृत्तीत. विकणारा जाहिरातीत “ऑटोफोकस, व्हीआर” लिहितो, आणि गंमत म्हणजे ते खोटं नसतं. म्हणून लेन्सच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा. खाच दिसली की काय ते समजा.

बिनमोटरच्या बॉडीवर अशी लेन्स अगदीच वाया जात नाही. एक्स्पोजर मोजलं जातं, हाताने फोकस जुळला की व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका लागतो. तारेवर बसलेला खंड्या मिळेल. भिगवणला पाण्यावर सूर मारणारी सुरय विसरा.

दोन्हींत मी डोळे मिटून ३०० घेईन. ८०-४०० चा फोकस डी५०० वरही रेंगाळतो. ३०० मात्र १.४५ मीटरवर फोकस करते, म्हणजे सकाळी शिक्रा आणि दुपारी त्याच लेन्सवर फुलपाखरू. व्हीआर नाही म्हणून रडू नका. ताडोबात जिप्सीच्या दांडीवर बीनबॅग टाका. चालत्या वाघाला व्हीआर थोडंच थांबवतं? हां, ३०० चा ट्रायपॉड कॉलर (लेन्स ट्रायपॉडवर बसवायचं कडं) मात्र लेचापेचा आहे.

एएफ-एसची एक सावधगिरी. घेताना दहा-वीस वेळा फोकस करून ऐका. मोटर किंचाळत असेल तर परत द्या, जुन्या मोटरचे सुटे भाग मिळवणं जिकिरीचं. खाचवाल्या लेन्समध्ये जळायला मोटरच नाही, एवढं श्रेय तिला द्यायला हवं.

आणि कॅमेऱ्यावर ‘एफईई’ ही चूक-सूचना दिसली तर लेन्स परत पाठवू नका. लेन्सवरची ॲपर्चरची (उजेड आत सोडणाऱ्या छिद्राची) रिंग केशरी आकड्यावर नेऊन लॉक करा.