स्मृतिखांब की अस्थिखांब? आधी वरचं टोक पाहा

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या आणि अलास्काच्या किनाऱ्यावरचे टोटेम खांब, म्हणजे तिथल्या हैदा, निस्गा, ट्लिंगिट अशा मूळ रहिवाशांचे उंच कोरीव लाकडी खांब, पूजेसाठी नसतात, त्यांवर घराण्यांची कुलचिन्हं कोरलेली असतात. खरा घोळ होतो तो मेमोरियल आणि मॉर्च्युअरी या दोन प्रकारांत. दोन्ही मृत व्यक्तीसाठी, दोन्ही रेड सीडरचे (हा आपला देवदार नव्हे, कूळच वेगळं), आणि दोन्ही उभे होतात ते पॉटलॅचच्या वेळी, म्हणजे पाहुण्यांना जेवण आणि देणग्या देऊन साक्षी ठेवण्याच्या समारंभात. सोयीसाठी पहिल्याला स्मृतिखांब म्हणू, दुसऱ्याला अस्थिखांब.

अस्थिखांबात मृताचे अवशेष खांबातच असतात, आणि त्याची सगळी सुतारकी त्यावरच ठरते. हैदा लोकांत सरदार वारला की देह आधी पेटीत घालून दुसरीकडे ठेवत. खांब कोरून झाला की पेटी त्यात हलवत. पेटी मावायची तर वर रुंदी हवी, म्हणून ओंडका चक्क उलटा रोवत: बुंधा वर, शेंडा जमिनीत. वरच्या टोकात खोबण कोरून पेटी आत सरकवायची आणि समोरून कुलचिन्ह कोरलेली रुंद फळी लावायची. कधी दोन खांबांवर आडवं लाकूड टाकून त्यावर पेट्या ठेवत.

दोष याच रचनेत आहे. भार वर, निमुळतं टोक जमिनीत, त्यामुळे खांब कलतो. झाकण गेलं की खोबणीत पाणी साचतं, गाभा कुजतो, स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचं बी रुजतं आणि मुळं लाकूड उभं चिरत जातात. स्गांग ग्वाय या हैदांच्या बेटावर (१९८१ पासून जागतिक वारसा) कललेले, फाटलेले असे खांब आजही दिसतात.

स्मृतिखांबात कोणी नसतं, देह दुसरीकडे असतो. तो बहुधा वारसदार उभा करतो, साधारण वर्षभराने, आणि त्याच समारंभात गेलेल्याचं नाव व मान स्वतःकडे घेतो. पेटीचा भार नाही, म्हणून बुंधा खालीच. जुन्या हैदा स्मृतिखांबांत पायाशी एक आकृती, टोकाला एक, मधला दांडा बराचसा मोकळा किंवा कड्यांचा, असं पुष्कळदा दिसतं. निस्गा लोकांचे मात्र आकृत्यांनी भरगच्च असतात. त्यांचा नीस्योल घराण्याचा सुमारे ११ मीटरचा स्मृतिखांब १९२९ मध्ये संमतीशिवाय उचलून नेला गेला आणि स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयातून २०२३ मध्ये परत आला.

कुजण्याची दुसरी जागा मात्र दोन्हींना सारखीच: जमिनीलगतचा भाग, जिथे ओल आणि हवा एकत्र भेटतात. वरचं लाकूड धडधाकट असतानाही खांब तिथेच मोडतो.

वर फळी नाही म्हणून लगेच स्मृतिखांब म्हणू नका. ट्लिंगिट लोक दहन करत आणि राख खांबाच्या पाठीतल्या कोनाड्यात ठेवत. तिथे मागे जाऊनच पाहावं लागतं. पुढे मिशनरी आणि सरकारने जमिनीत पुरण्याचा आग्रह धरला, तशी अस्थिखांबांची प्रथा संपत गेली. कॅनडात १८८५ ते १९५१ पॉटलॅचवरच कायद्याने बंदी होती.

व्हँकूवरला नातेवाईक असतील तर स्टॅनली पार्कच्या ब्रॉकटन पॉइंटला दोन्ही पाहता येतात. सरदार स्केडन्सचा खांब अस्थिखांबाच्या घडणीचा आहे, वरच्या रुंद फळीवरून लगेच ओळखू येतो. पण तो हैदा कलाकार बिल रीड यांनी १९६४ मध्ये कोरलेली प्रतिकृती आहे, मूळ खांब १८७० च्या सुमाराचा. तिथेच स्क्वॉमिश या तिथल्या मूळ रहिवासी समाजाचे कारागीर रॉबर्ट येल्टन यांनी आई रोझ यांच्यासाठी कोरलेला २००९ चा स्मृतिखांब आहे. स्केडन्सच्या खांबावरच्या अस्वलाचे कान नीट निरखून पाहा: आत दोन चिमुकली माणसं आहेत, मूळ खांब उभारणारी सरदाराची मुलगी आणि जावई.