नव्या वसाहतीचा कार्बन कशाशी ताडून पाहायचा?

लॉस एंजेलिसच्या वायव्येला, सांता क्लारा नदीच्या खोऱ्यात, सुमारे १२,००० एकरांवर ‘न्यूहॉल रँच’ नावाची वसाहत उभारायची होती. जवळपास २१,००० घरं, दुकानं, शाळा, सगळं नव्यानं. पर्यावरण अहवालानुसार ती पूर्ण झाल्यावर वर्षाला २,६९,०५३ टन कार्बन डायऑक्साइडइतके हरितगृह वायू सोडणार होती. त्या जमिनीवरून तेव्हा निघत होते १०,००० टनांच्या आसपास. म्हणजे पंचवीसपटींहून जास्त वाढ. तरीही अहवालानं निष्कर्ष काढला, की हवामानावर लक्षणीय परिणाम होणार नाही!

यात बेरीज-गुणाकाराची चूक नव्हती. उत्सर्जन मोजायची रीत तशी सरळ आहे: किती इंधन आणि वीज खर्च होणार याचा अंदाज घ्यायचा आणि त्याला ठरलेल्या गुणकानं गुणायचं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पेट्रोलचं स्वतःचं वजन पाऊण किलोच्या आसपास. उरलेलं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. मिथेनसारखा वायू जास्त उष्णता अडवतो, म्हणून शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ टनांबरोबर धरतात. कॅलिफोर्नियात या कामासाठी ‘कॅलईईमॉड’ नावाची संगणकप्रणालीच आहे.

खरी अडचण आकडा हाती आल्यावर सुरू होते. कॅलिफोर्नियाच्या १९७० च्या पर्यावरण कायद्यानुसार शहर किंवा काउंटीला (म्हणजे तिथल्या जिल्ह्याला) प्रकल्प मंजूर करण्याआधी त्याचे परिणाम तपासावे लागतात. धूळ, आवाज, सांडपाणी यांचा त्रास शेजारच्या वस्तीला होतो, तो तिथंच मोजता येतो. कार्बन डायऑक्साइड मात्र जगभर पसरतो. कुठल्याही एका वसाहतीमुळे पृथ्वीचं तापमान मोजण्याइतकं वाढत नाही. पण म्हणून प्रत्येक प्रकल्पाला निर्दोष ठरवलं, तर सगळ्यांचं मिळून होणारं नुकसान कुणाच्याच खात्यावर पडणार नाही. म्हणूनच हरितगृह वायूंकडे साचत जाणारा परिणाम म्हणून पाहावं लागतं. २००७ साली राज्यानं त्यासाठी वेगळा कायदा केला आणि २०१० पासून तशी मार्गदर्शक तत्त्वं लागू झाली.

न्यूहॉलच्या अहवालानं तुलनेसाठी एक कल्पित वसाहत उभी केली. कोणतेही नवे उपाय न करता हीच वसाहत बांधली असती, तर ३,९०,०४६ टन उत्सर्जन झालं असतं, असं धरलं. त्या मानानं प्रत्यक्ष आराखडा ३१ टक्क्यांनी कमी भरला. २०२० पर्यंत उत्सर्जन १९९० च्या पातळीवर आणायचं, तर ‘काहीच केलं नाही तर’ या अंदाजापेक्षा राज्यभर २९ टक्के कपात लागेल, असा सरकारी हिशेब होता. ३१ हे २९ पेक्षा जास्त, म्हणून प्रकल्प उत्तीर्ण.

३० नोव्हेंबर २०१५ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं हा युक्तिवाद अपुरा ठरवला. राज्याच्या उद्दिष्टाशी तुलना करायला न्यायालयाची हरकत नव्हती. पण राज्याची टक्केवारी एकाच प्रकल्पाला तशीच लागू पडते, याचा पुरावा अहवालात नव्हता. माझ्या मते या निकालातला विचार विज्ञानाच्या दृष्टीनंही अचूक आहे. राज्याच्या २९ टक्क्यांत जुनी घरं, जुने कारखाने, रस्त्यावरच्या जुन्या गाड्या असं सगळं येतं. जुन्या इमारतीत बदल करणं अवघड आणि खर्चिक. जे अजून कागदावरच आहे ते बदलणं त्या मानानं सोपं. मग नव्या बांधकामाकडून सरासरीपेक्षा जास्त कपातीची अपेक्षा का करू नये? शिवाय घरं विरळ असली की दूध आणायलाही गाडी काढावी लागते, हा फरक राज्याच्या सरासरीत दिसत नाही.

पुढे विकासकानं योजना बदलली. छतांवर सौरपॅनेल, घरांत विजेच्या गाड्यांसाठी चार्जर आणि उरलेल्या उत्सर्जनासाठी इतरत्र कपातीचे प्रकल्प, असं करून निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन दिलं. २०१७ मध्ये त्या रूपात मंजुरी मिळाली. इतरत्र केलेली कपात खरोखर टिकते का, ही शंका मला रास्त वाटते. दुसरीकडे लावलेलं झाड वणव्यात जळू शकतं, इथल्या गाडीचा धूर मात्र हवेत राहतोच.

वाहतुकीचं मोजमापही कॅलिफोर्नियात बदललं. पूर्वी नव्या इमारतीमुळे चौकात गाड्या किती खोळंबतील हे पाहात. त्यामुळे शहराच्या मध्यावर, बसथांब्याजवळ घरं बांधणारा दोषी ठरे आणि दूर मोकळ्या रानात बांधणारा सुटे. १ जुलै २०२० पासून राज्यभर, लोक एकूण किती मैल गाडी चालवतील, हे मोजलं जातं.

सॅन फ्रान्सिस्को परिसराच्या हवा-नियंत्रण मंडळानं २०१० मध्ये निवासी आणि व्यापारी प्रकल्पांसाठी वर्षाला १,१०० टनांची मर्यादा सुचवली होती. २०२२ मध्ये टनांची ही मर्यादा त्यानं बाजूला ठेवली. आता नव्या इमारतीत नैसर्गिक वायूची जोडणी आहे का, विजेच्या गाड्यांची सोय आहे का, रहिवाशांचा गाडीप्रवास पुरेसा कमी आहे का, हे विचारलं जातं. इमारत पन्नास वर्षं उभी राहते आणि भिंतीत गॅसची नळी एकदा बसवली की तितकीच वर्षं गॅस जळत राहतो.