कंटेनर शाबूत, तरी पैसे भरायचे?

‘जहाजाला आग लागली, पण आपला कंटेनर शाबूत आहे, मग आपल्याला काही भरायचं नाही.’ आयातदारांमध्ये वर्षानुवर्षं फिरणारा हा समज साफ चुकीचा आहे.

जहाज आणि माल वाचवण्यासाठी जाणूनबुजून केलेलं नुकसान किंवा खर्च जहाजमालक आणि सगळे मालधनी वाचलेल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घेतात. हेच जनरल अ‍ॅव्हरेज. मार्च २०१८मध्ये अरबी समुद्रात ‘मर्स्क होनाम’ हे कंटेनर जहाज पेटलं, तेव्हा बचावकार्यापोटी ४२.५ आणि जनरल अ‍ॅव्हरेजपोटी ११.५ टक्के हमी मागितली गेली. म्हणजे १ लाख डॉलरच्या मालावर ५४ हजार! विमा असेल तर अ‍ॅव्हरेज बाँडवर (आपला वाटा भरण्याची लेखी कबुली) आपण सही करायची, हमीपत्र विमा कंपनी देते. नसेल तर रोख भरा. तोवर माल अडकून पडतो आणि डेमरेज (माल वेळेत न उचलल्याचा आकार) चढत राहतं.

‘सीआयएफ (किमतीतच विमा आणि जहाजभाडं धरलेला सौदा) आहे, विमा विक्रेत्याने काढलाय’ म्हणून निर्धास्त राहू नका. पॉलिसी उघडून बघा. इन्कोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय व्यापार नियमांनुसार विक्रेत्याला किमान ‘सी’ क्लॉज, म्हणजे सगळ्यात कमी संरक्षणाचा मालविमा, पुरतो. जनरल अ‍ॅव्हरेज त्यात येतं. चोरी किंवा कंटेनरमध्ये शिरलेलं समुद्राचं पाणी येत नाही. त्यासाठी सगळ्यात व्यापक संरक्षणाचा ‘ए’ क्लॉज विक्री करारातच लिहून घ्या.