सही होईपर्यंत दाराशी: चालू एडिटरला टर्मिनलवरून फाइल पाठवण्याची पार्श्वभूमी

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटला एका नव्या एडिटरचं (मजकूर लिहायच्या प्रोग्रामचं) नाव सांगून ठेवलं आणि पहिल्याच कमिटला, म्हणजे बदलाच्या नोंदीला, त्याचं उत्तर आलं, ‘ॲबॉर्टिंग कमिट ड्यू टू एम्प्टी कमिट मेसेज’, म्हणजे संदेश रिकामा म्हणून नोंद रद्द. एडिटरमध्ये टॅब उघडलेला, कर्सर लुकलुकतोय, मी अजून एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि इकडे टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, आपलं काम आटोपून मोकळं! चूक माझीच. एडिटरच्या नावापुढे ‘वेट’ (थांब) हा पर्याय लावायचा राहून गेला होता. पण हा पर्याय मुळात लागतोच कशाला, हे बघायचं तर थेट १९८६ सालापर्यंत मागे जावं लागतं.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधला जुना रिवाज साधा होता. एखाद्या प्रोग्रामला तुमच्याकडून मजकूर हवा असेल, म्हणजे मेल लिहायचा असेल किंवा क्रॉनटॅब (ठरल्या वेळी चालायच्या कामांची यादी) बदलायचा असेल, तर तो एक तात्पुरती फाइल तयार करतो, तुमचा एडिटर सुरू करतो आणि तो बंद होण्याची वाट बघतो. एडिटर संपला म्हणजे तुमचं लिहून झालं. कोणता एडिटर, हे ‘एडिटर’ आणि ‘व्हिज्युअल’ या दोन व्हेरिएबलमध्ये, म्हणजे सिस्टिममधल्या नावानिशी नोंदींमध्ये, ठेवलेलं असतं. पहिलं ‘ईडी’सारख्या ओळीओळीने चालणाऱ्या एडिटरसाठी, दुसरं अख्खा पडदा वापरणाऱ्यासाठी. कागदावर टाइप करणारे टेलिटाइप गेले तरी ही जोडगोळी अजून टिकून आहे.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात बिल जॉयने १९७६च्या सुमारास लिहायला घेतलेल्या ‘व्हीआय’ला हा रिवाज छान मानवला. एडिटर हलका, चटकन उघडणारा. उघडा, दोन ओळी बदला, बाहेर पडा. मध्येच शेलकडे, म्हणजे हुकूम घेणाऱ्या प्रोग्रामकडे, जायचं असेल तर बर्कलीच्याच सी शेलमुळे कंट्रोल-झेड दाबून एडिटर झोपवता येऊ लागला आणि ‘एफजी’ म्हणून परत उठवता येऊ लागला. आजही कित्येक जण एवढ्यावरच समाधानी आहेत, आणि त्यांना नावं ठेवायचं मला काही कारण दिसत नाही.

अडचण झाली ईमॅक्सवाल्यांची. रिचर्ड स्टॉलमनचा ग्नू ईमॅक्स हा एडिटर १९८५ साली बाहेर पडला, आणि तो वापरणारी माणसं त्यातच राहायची. मेल तिथे, कंपायलर तिथे, डझनावारी फायली उघड्या. सकाळी सुरू केलेला ईमॅक्स रात्रीपर्यंत चालूच. त्याच्या आद्याक्षरांवरून ‘आठ मेगाबाइट खातो आणि सारखा स्वॅप करत बसतो’ असा विनोद त्या काळी प्रचलित होता, कारण आठ मेगाबाइट मेमरी ही तेव्हा चैन होती, आणि मेमरी अपुरी पडली की मशीन डिस्कशी अदलाबदल, म्हणजे स्वॅप, करत बसे. अशा वेळी मेल प्रोग्रामने चार ओळींसाठी दुसरा ईमॅक्स सुरू करायचा म्हणजे ताटकळणं आलंच. शिवाय या दुसऱ्याला पहिल्यात काय उघडं आहे याचा पत्ता नसतो. तीच फाइल दोन्हीकडे उघडली तर कुणाचं सेव्ह टिकणार, हा घोळ वेगळाच.

यावर एमआयटीतल्या विल्यम सॉमरफेल्डने ‘सर्व्हर’ नावाचं पॅकेज लिस्पमध्ये, म्हणजे ईमॅक्सच्या स्वतःच्या भाषेत, लिहिलं. त्याच्या मूळ फाइलवर कॉपीराइटचं पहिलं साल १९८६ आहे. सोबत ईमॅक्सक्लायंट नावाचा सी भाषेतला चिमुकला प्रोग्राम. ‘एडिटर’ व्हेरिएबलमध्ये त्याचं नाव घालायचं. मेल प्रोग्रामने त्याला हाक मारली की तो स्वतः काहीच संपादन करत नाही. चालू ईमॅक्सला फाइलचा पत्ता देतो आणि वाट बघत राहतो. सरकारी कचेरीतला शिपाई आठवा: फाइल साहेबांच्या टेबलावर ठेवायची आणि सही होईपर्यंत दाराशी उभं राहायचं. इथली सही म्हणजे कंट्रोल-एक्स आणि मग #. ती झाली की क्लायंट संपतो, आणि मेल प्रोग्रामला वाटतं एडिटरच बंद झाला. ईमॅक्स मात्र जागचा हललेलाही नसतो.

फाइल उघडून देणं हा यातला सोपा भाग. खरी करामत ते दाराशी उभं राहणं. पुढच्या चाळीस वर्षांत ज्या ज्या एडिटरने ही सोय दिली, त्याला हा शिपाई पुन्हा नेमावा लागला.

सुरुवातीची यंत्रणा जरा जुगाडूच होती. ईमॅक्सला तेव्हा स्वतः सॉकेटवर, म्हणजे दोन प्रोग्राममधल्या निरोपाच्या वाटेवर, कान लावून बसता येत नसे. म्हणून ईमॅक्सच्या पोटात आणखी एक सी प्रोग्राम चालायचा, ईमॅक्ससर्व्हर. क्लायंट त्याच्याशी बोलायचा आणि तो निरोप आत सांगायचा. ब्रिस्टलच्या एचपी लॅब्समधल्या अँडी नॉर्मनने ग्नूसर्व्ह म्हणून वेगळी जोडी लिहिली. तिच्यातून फायलीच नाही, तर लिस्पचे हुकूमही बाहेरून सोडता यायचे. एक्सईमॅक्स या ईमॅक्सच्या दुसऱ्या शाखेने तीच घेतली. २००७च्या ईमॅक्स २२मध्ये मधला सी प्रोग्राम निघाला आणि ईमॅक्स स्वतःच सॉकेटवर ऐकू लागला. सॉकेटची डिरेक्टरी दुसऱ्या कुणाला उघडता येत असेल तर सर्व्हर सुरूच होत नाही. तो संदेश पहिल्यांदा दिसला की चिडचिड होते, पण हुकूम स्वीकारणारं दार सताड उघडं ठेवून कसं चालेल?

२००९च्या ईमॅक्स २३ने तर चित्रच पालटलं. कारोली लोरेंतेच्या कामामुळे एकच ईमॅक्स अनेक टर्मिनलांवर आणि खिडक्यांत एकाच वेळी दिसू लागला, आणि खिडकीशिवाय पडद्यामागे डीमन म्हणूनही चालू लागला. म्हणजे ज्या ईमॅक्सला जडपणामुळे नावं ठेवत होतो, तोच क्लायंटवाटे व्हीआयइतका चटकन उघडू लागला.

व्हीआयचा वारस असलेल्या व्हिमने वेगळी वाट धरली. २००१ साली आलेल्या ६.० आवृत्तीत ‘रिमोट’ आणि ‘रिमोट-वेट’ हे पर्याय आले. युनिक्सवर त्यासाठी सॉकेट नाही, चक्क पडद्यावर खिडक्या दाखवणारी एक्स विंडो सिस्टिम वापरली. खिडक्या बनवण्याच्या टीके टूलकिटमधला ‘सेंड’ हुकूम ज्या पद्धतीने एका खिडकीचा निरोप दुसरीला देतो, तोच कोड घेऊन व्हिमला बसवला. सर्व्हर म्हणून चालू असलेला व्हिम आपलं नाव मूळ खिडकीच्या ‘व्हिमरजिस्ट्री’ नावाच्या गुणधर्मात टाकतो. तिथे वाचून बाहेरचा व्हिम विचारतो, ‘जीव्हिम’ (खिडकीतला व्हिम) नावाचं कुणी आहे का? कल्पना झकास, पण एक्स नसलेल्या सर्व्हरवर सगळं मुसळ केरात. दूरच्या मशीनवर एसएसएच या सुरक्षित जोडणीने जाऊन ‘रिमोट’ वापरू पाहणाऱ्याला अनोळखी पर्याय म्हणून संदेश मिळतो आणि तो मॅन्युअल चाळत बसतो. व्हिममधून निघून २०१४ साली सुरू झालेल्या निओव्हिमने एक्सची ही वाट सोडून सॉकेट धरलं, पण ‘रिमोट’ मात्र ०.७ आवृत्तीत, २०२२ साली, परत आला. तोपर्यंत लोक एका पायथन स्क्रिप्टवर काम भागवत होते.

जाता जाता एनएडिटची गंमत. अमेरिकेतल्या फर्मीलॅबमध्ये तयार झालेल्या या एडिटरच्या क्लायंटचं नाव होतं ‘एनसी’. नेटकॅट या नेटवर्कच्या साधनाचंही तेच. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराने शेवटी एडिटरच्या क्लायंटचं नाव बदलून टाकलं.

बेल लॅब्सच्या प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये रॉब पाइकने प्रश्नच उलटा मांडला. फाइल कोणत्या एडिटरला द्यायची हे हाक मारणाऱ्याने का ठरवावं? तिथे ‘प्लंबर’ नावाचा मध्यस्थ असतो. कंपायलरच्या चुकीवर, म्हणजे फाइलचं नाव, कोलन, ओळ क्रमांक अशा मजकुरावर क्लिक केलं की नियम बघून तो निरोप चालू एडिटरच्या दारात टाकतो, आणि फाइल नेमक्या ओळीवर उघडते. मला विचाराल तर सगळ्यांत देखणी रचना हीच, आणि सगळ्यांत कमी वापरली गेलेलीही.

मॅकवर टेक्स्टमेट हा एडिटर २००४ साली आला आणि त्याच्या ‘मेट’ कमांडला थांबायला सांगणारा डब्ल्यू हा पर्याय मिळाला. पुढे ‘आरमेट’ने एसएसएचच्या बोगद्यातून, ५२६९८ या पोर्टवरून, दूरच्या मशीनवरची फाइल घरच्या एडिटरमध्ये आणली. सब्लाइम एडिटरची ‘सबल’ कमांड त्याच वळणाची. व्हीएस कोड एडिटरची ‘कोड’ कमांड आधी चालू खिडकी आहे का ते शोधते, असली तर काम तिच्याकडे सोपवते आणि निघून जाते. ‘वेट’ लावलं की ती एक रिकामी तात्पुरती फाइल बनवते आणि तिचा पत्ता चालू एडिटरला देते. तुम्ही टॅब बंद केला की एडिटर ती फाइल पुसून टाकतो, आणि ती नाहीशी झालेली दिसली की कमांड संपते. सॉमरफेल्डच्या क्लायंटला सॉकेटवरून निरोप यायचा, इथे फाइल गायब होणं हाच निरोप.

गिटने २.१६ आवृत्तीपासून स्वतःच्या बाजूनेही एक ओळ छापायला सुरुवात केली: ‘वेटिंग फॉर युअर एडिटर टू क्लोज द फाइल’. संदेशाचा टॅब दुसऱ्या खिडकीमागे दडला की गिट अडकलंय असं लोकांना वाटायचं. ईमॅक्सक्लायंट मात्र कितीतरी आधीपासून तेच छापत आला आहे: ‘वेटिंग फॉर ईमॅक्स...’